डोक्यातल्या सिस्टचं दुर्बिणीचं ऑपरेशन: सोबत राहणाऱ्याने काय काय करायचं

मी एसटीत कंडक्टर आहे, नाशिक–कळवण रूटला. डॉक्टर नाही, नर्स नाही. पण मागच्या उन्हाळ्यात धाकट्या भावाच्या मेंदूतली सिस्ट, म्हणजे पिशवीसारखी गाठ, दुर्बिणीने काढली आणि ते अकरा दिवस दवाखान्यात त्याच्याजवळ मी होते. भावजयीचं बाळ पाच महिन्यांचं, आई दिंडोरीकडे गावी, म्हणून रजा मी टाकली. ऑपरेशन डॉक्टरांनी केलं. त्याच्या आधीची आणि नंतरची कामं मात्र सोबतच्या माणसावर येतात आणि ती कशी करायची ते कुणी नीट सांगत नाही. मी शंभर पानी वही घेऊन रोज लिहीत गेले. वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, रोज भरायची सवय, दुसरं काय. त्या वहीतूनच हे लिहितेय.

दुखणं ओळखताना आम्ही चुकलो ते

भाऊ द्राक्षबागांत ठिबक बसवतो. एप्रिलमध्ये, खरड छाटणीच्या दिवसांत, त्याचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठल्या उठल्या जास्त. वाकून लॅटरल, म्हणजे ठिबकची बारीक पाइप, जोडायला घेतली की कवटी फुटेल असं वाटायचं, उभा राहिला की जरा कमी. उलटी झाली की तासभर बरं. आमच्या घरात आधी ठरलं की ऊन लागलं. मग पित्त. मग चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून नवा चष्मा केला. मग एक दिवस निफाडकडच्या एका बागेत चालता चालता त्याचे गुडघे एकदम गेले. शुद्ध होती, बोलत होता, पण पायातला जीव गेल्यासारखा खाली बसला. मिनिटभरात उठला आणि हसण्यावारी नेलं. आम्हीही हसलो. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की सगळ्यात मोठी खूण तीच होती.

म्हणून सांगते: सकाळचं डोकं दुखणं, सोबत उलट्या, नजर धूसर होणं, पाय अचानक जाणं, बोललेलं विसरणं, यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर तिसऱ्यांदा पित्ताची गोळी आणू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन थेंब टाकून डोळ्याचा मागचा पडदा तपासून घ्या. डोक्यात दाब वाढला असेल तर तिथल्या नसेला सूज दिसते. नंबर काढायच्या मशीनवर ते कळत नाही. आमच्या चष्म्याचे पैसे तिथेच वाया गेले.

आणि माणूस गुंगायला लागला, हाक मारली तर उशिरा ओ देतोय, उलट्या थांबत नाहीत, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन लावा. जिथे रात्री सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन दोन्ही मिळतील तिथेच न्यायला सांगा. जवळच्या छोट्या दवाखान्यात सलाइन लावून घेण्यात आम्ही दोन तास घालवले. त्या दवाखान्याचाही दोष म्हणणार नाही, आम्हीच 'अशक्तपणा आलाय' असं सांगत होतो.

सिस्ट म्हणजे नेमकं काय

सीटीत मेंदूच्या मधोमध एक पांढरा गोल ठिपका होता, हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा मोठा. रिपोर्टात कोलॉइड सिस्ट. फिल्म बघून एका नातेवाइकाने वॉर्डातच 'कॅन्सरची गाठ' म्हणून टाकलं आणि भावजय खाली बसली. कोलॉइड सिस्ट कॅन्सर नसते. आत घट्ट जेलीसारखा पदार्थ भरलेली पिशवी असते ती. तिचा गुन्हा एकच, ती बसते चुकीच्या जागी.

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे चित्र काढलं. मेंदूत पाण्याच्या पोकळ्या असतात. त्यांत पाणी तयार होत राहतं, मोठ्या माणसात दिवसाला साधारण अर्धा लिटर, आणि एका वेळी डोक्यात-कण्यात मिळून असतं फक्त दीडशे मिलीलिटरच्या आसपास. म्हणजे तेच पाणी दिवसातून तीन-चार वेळा बदलतं. डाव्या-उजव्या मोठ्या पोकळ्यांतून हे पाणी एका अरुंद तोंडातून मधल्या, तिसऱ्या पोकळीत उतरतं. सिस्ट बरोबर त्या तोंडापाशी लोंबत असते.

मला निम्मं कळलं. भाऊ ग्लानीत असूनही त्याला सगळं कळलं. म्हणाला, "ताई, मेनलाइनच्या तोंडाला बोळा बसलाय. आणि मोटर बंद करायची सोय नाही."

डॉक्टर म्हणाले, याहून चांगलं मलाही सांगता येणार नाही.

पाणी तुंबलं की पोकळ्या फुगतात, मेंदू आतून दाबला जातो. आणि तोंड अचानक पूर्ण बंद झालं तर काही तासांत जीव जाऊ शकतो. डोकं दुखतं आणि थांबतं, म्हणून माणूस फसतो.

पण रिपोर्टवर 'सिस्ट' हा शब्द दिसला की सगळ्यांची गत एकच, असं समजू नका. आमच्या शेजारच्या कॉटवरच्या मुलाला अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट होती. ती मेंदूवरच्या पातळ पडद्यात असते, आत साधं पाणी. अशा कितीतरी सिस्ट जन्मापासून असतात आणि भलत्याच कारणाने स्कॅन केल्यावर सापडतात. त्रास नसेल तर त्यांना हातही लावत नाहीत. लावायची वेळ आलीच तर दुर्बिणीने तिच्या भिंतीला खिडकी पाडतात, म्हणजे आतलं पाणी बाकीच्या पाण्यात मिसळतं. पिशवी काढत बसत नाहीत. कोलॉइड सिस्टही लहान असेल, पोकळ्या फुगलेल्या नसतील, त्रास नसेल तर ठरावीक काळाने एमआरआय करत नुसतं लक्ष ठेवतात. घाई नसेल तिथे दुसऱ्या सर्जनचं मत घ्याच, पहिल्या डॉक्टरांना राग येईल म्हणून लाजू नका.

तिसरा प्रकार आपल्याकडे नेहमी दिसणारा, जंताच्या अळीची सिस्ट. हे दुखणं डुकराचं मांस खाणाऱ्यांनाच होतं हा गैरसमज आहे. जंताची अंडी न धुतलेल्या भाजीतून, घाण पाण्यातून कुणाच्याही पोटात जातात, माळकऱ्याच्याही. यात बहुतेकांना ऑपरेशन नाही, गोळ्या असतात. पण त्या जंताच्या गोळ्या मेडिकलमधून आणून स्वतःच्या मनाने द्यायच्या नाहीत. अळी मरताना मेंदूला सूज येते, म्हणून सोबत सूज उतरवणारं औषध लागतं. तीच अळी पाण्याच्या पोकळीत जाऊन अडकली तर मात्र तीही दुर्बिणीने काढतात.

नाशिक की मुंबई

हा वाद प्रत्येक घरात होतो. आमच्याकडे मामा म्हणत होते, गाडी काढा आणि मुंबईला न्या. रात्रीचे अकरा वाजलेले, भाऊ धड डोळे उघडत नव्हता, आणि मध्ये कसारा घाट. मी रोज घाट बघणारी बाई आहे. घाटात एक ट्रक आडवा झाला की किती वेळ जातो ते मला विचारा. गुंगीत चाललेल्या माणसाला घाट उतरवायचा नाही, हे माझं मत आहे आणि डॉक्टरांचंही तेच निघालं. अगदी गरज पडली तर आधी इथे डोक्यात नळी घालून तुंबलेलं पाणी काढता येतं. त्याने दाब उतरतो, जीव सुरक्षित होतो. मग मोठं ऑपरेशन कुठे करायचं ते शांतपणे ठरवता येतं.

घाई नसेल तर गोष्ट वेगळी. मग नाशिकमधले एक-दोन न्यूरोसर्जन बघा, मुंबईत परळच्या केईएमसारख्या महापालिकेच्या रुग्णालयाच्या ओपीडीतही जाऊन या. सकाळची पंचवटी एक्सप्रेस आहेच. जाताना नुसता रिपोर्ट नको, एमआरआयची सीडी न्या. सर्जन रिपोर्ट वाचत नाहीत, चित्रं बघतात. सीडीच्या दोन प्रती करून घ्या. आमची एक सीडी रिक्षात राहिली ती राहिलीच.

सर्जनला काय विचारायचं

आमच्या सर्जनना घाईत विचारलेलं आवडायचं नाही, पण वही उघडून बसलं की ते खुर्ची ओढून बसायचे. मी विचारलेलं सांगते.

दुर्बिणीनेच का, उघडून का नाही? उत्तर असं मिळालं: कवटीचा तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली करायचं ऑपरेशन जुनं आणि भरवशाचं आहे, त्यात सिस्टची भिंत पूर्ण काढायची शक्यता जास्त. दुर्बिणीत कापाकापी कमी, वेळ कमी, माणूस लवकर घरी जातो. पण भिंतीचा तुकडा एखाद्या शिरेला चिकटलेला असला तर तो सोडून द्यावा लागतो आणि मग काही वर्षांनी गाठ पुन्हा भरू शकते. हे आधी कळलेलं बरं. नंतर 'थोडं राहिलंय' असं ऐकलं की पायाखालची जमीन सरकते.

तुम्ही अशी किती केलीत? हे विचारायला जीभ जड होते. मी विचारलं. प्रवाशाला सुट्टे मागायला लाजले असते तर माझी नोकरी गेली असती. त्यांनी न चिडता आकडा सांगितला. जे चिडतील त्यांच्याबद्दल तुम्हीच ठरवा.

आत रक्त आलं, दुर्बिणीने जमेना, तर काय कराल? तेव्हा कवटी उघडून करावं लागेल, आणि त्याची सही आधीच घेतात. त्या कागदावर हे लिहिलेलं असतं, वाचा. संमतीपत्र मराठीत मागा. बाहेर नळी ठेवणार का, किती दिवस? शंट लागेल का? शंट म्हणजे डोक्यातून पोटात जाणारी कायमची नळी. तोंड मोकळं झाल्यावर बहुतेकांना लागत नाही, काहींना लागते.

आणि शेवटचा: स्मरणशक्तीला काही होईल का? या प्रश्नावर ते थांबले. त्या जागी आठवणींचं काम करणाऱ्या मज्जातंतूंचे दोन नाजूक पट्टे असतात, त्यांना धक्का लागला तर विसरभोळेपणा येतो. बहुतेकांचा जातो, थोड्यांचा राहतो. मी ते तसंच लिहून घेतलं. भावजयीला सांगितलं नाही. ते चुकलं, पुढे सांगते.

पैसे

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचा खर्च बसतो. रुग्णालय योजनेत आहे एवढं पुरत नाही. 'न्यूरोसर्जरी योजनेत आहे का' असं विचारा, कारण काही ठिकाणी ठरावीक विभागच असतात. दाराजवळच्या टेबलावर आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारा माणूस, बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जायचं, बिल झाल्यावर नाही. मंजुरी आली की मग ऑपरेशन. तातडीचं असेल तर फोनवरही तात्पुरती मंजुरी घेता येते. योजनेचा फोन १५५३८८.

आमची गाडी अडली नावावर. रेशनकार्डावर भावाचं नाव एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या. एका वेलांटीपायी दीड दिवस गेला. आजच घरातली दोन्ही कार्डं शेजारी ठेवून बघा. आजारपण नसताना हे काम चहा पिता पिता होतं.

योजना नाही बसली तर ट्रस्टच्या, धर्मादाय नोंदणी असलेल्या रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. तिथे समाजसेवा अधिकारी कुठे बसतात ते विचारायचं. कुणी आपणहून सांगायला येत नाही. खासगी पॅकेज घेत असाल तर त्यात आयसीयूचे दिवस, नंतरचा स्कॅन, गाठीची पॅथॉलॉजी तपासणी आणि एकदाच वापरायचं सामान धरलंय का, हे लिहून घ्या.

आदला दिवस

चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून भूलतज्ज्ञांसमोर ओता. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती किती दिवस आधी थांबवायची हे डॉक्टरच ठरवतात. काढे, वैदूची पुडी, सांधेदुखीची पेनकिलर, सगळं दाखवा. तंबाखूचंही खरं सांगा. भाऊ म्हणाला, "कधीतरी खातो." मी म्हटलं, "डॉक्टर, दिवसाला तीन पुड्या." तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

जेवण साधारण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण वेळ डॉक्टर सांगतील तीच पाळायची. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, तो जेवणात मोडतो. पहाटे 'घोटभरच' म्हणून चहा पाजणाऱ्या आत्या प्रत्येक घरात असतात, त्यांना दाराबाहेर ठेवा. करदोटा, गंडा, अंगठी, कानातली बाळी काढून घ्या. केस सगळे काढत नाहीत, पुढच्या बाजूचा एक पट्टा काढतात. आईने सप्तशृंगी गडाचा अंगारा आणला होता. सिस्टर म्हणाल्या कपाळाला नको, त्याच्या वरच चीर द्यायचीय. मग उशाखाली ठेवला.

आत काय होतं

८:४० ला आत नेला, १:१५ ला सर्जन बाहेर आले. त्यांनी नंतर मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, म्हणून मला सांगता येतंय.

पूर्ण भूल असते. कपाळाच्या वर, केसांच्या रेषेच्या मागे, मधल्या भांगापासून दोन-तीन बोटं बाजूला, बहुधा उजवीकडे, छोटी चीर देतात. तिथे कवटीला एक भोक. त्यातून पेन्सिलसारखी नळी मेंदूतून पोकळीपर्यंत जाते. दुर्बिणीच्या टोकाला उजेड आणि कॅमेरा, आणि तिच्यातच बारीक वाट, जिच्यातून चिमटा, शेकायची तार, सक्शन आत जातं. आत कोमट सलाइन सोडत राहतात, नाहीतर रक्ताच्या एका थेंबाने सगळं गढूळ होतं. व्हिडिओत स्वच्छ पाण्यातली गुहा दिसते. लाल शिरा दोन बाजूंनी त्या अरुंद तोंडाकडे आलेल्या, आणि तोंडात फुगून बसलेली करडी-हिरवट पिशवी. सर्जन पिशवीवर आधी डाग देतात, मग फोडतात, आतली जेली ओढून घेतात. ती सहज येत नाही, चिकट असते. मग भिंत हळूहळू सोडवतात. शेवटी तोंड मोकळं झालं आणि पाणी डुलायला लागलं, ते मी पाच वेळा बघितलं.

त्या सर्जनना गोष्टी सांगायची हौस. मेंदूत पहिल्यांदा दुर्बीण घातली ती मेंदूच्या नाही, मूत्रविकाराच्या सर्जनने, शिकागोच्या लेस्पिनास यांनी, १९१० मध्ये, आणि तीही मूत्राशय बघायची दुर्बीण. कोलॉइड सिस्ट पहिल्यांदा काढली ती वॉल्टर डँडी यांनी १९२१ मध्ये, कवटी उघडून. भावाला हे भारी आवडलं. दुसऱ्याच कामाचं पान्हं घेऊन काम भागवणारा माणूस त्याला आपलाच वाटतो.

नळी: इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

ऑपरेशननंतर डोक्यातून एक बारीक नळी बाहेर काढलेली असते, तिला पिशवी जोडलेली. सगळ्यांनाच ठेवत नाहीत. आमच्याकडे तीन दिवस होती. ही पिशवी सलाइनच्या स्टँडला ठरावीक उंचीवर बांधतात, उंची कानाच्या पातळीपासून मोजतात. त्या उंचीवरच किती पाणी बाहेर यायचं ते ठरतं. पिशवी खाली गेली किंवा माणूस वर उचलला गेला, तर पाणी भसाभस वाहून जातं आणि आत रक्तस्राव होऊ शकतो. पिशवी वर गेली तर पाणी तुंबतं.

म्हणजे काय, तर कॉटचा दांडा फिरवायचा नाही. उशी वाढवायची नाही. पेशंटला आपण होऊन बसवायचं नाही. बसवायचं असेल, कूस बदलायची असेल, स्कॅनला न्यायचं असेल तर आधी सिस्टर नळीचा खटका बंद करतील, मग हलवायचं, मग नवी उंची लावून खटका उघडायचा. भेटायला आलेले मामा प्रेमाने 'जरा टेकून बस रे' म्हणत दांड्याकडे गेले आणि मी बसमध्ये ओरडते तशी ओरडले. सगळा वॉर्ड बघायला लागला. मामा रुसले. रुसू द्यात.

पाण्याचा रंग बघत राहा. पहिल्या दिवशी गुलाबीसर, मग स्वच्छ. एकदम लालभडक झालं, गढूळ झालं, किंवा थेंब पडायचे थांबले तर सिस्टरना लगेच सांगा. नळीच्या जोडावर हात लावायचा नाही. तिथून जंतुसंसर्ग थेट मेंदूपर्यंत जातो.

आठवण

दुसऱ्या दिवशी भाऊ जागा झाला, ओळखलं, पाणी मागितलं. मी सुटकेचा श्वास सोडला. मग म्हणाला, "ताई, आई कुठंय?" मी म्हटलं, गावी. पाच मिनिटांनी, "ताई, आई कुठंय?" तासाभरात चार वेळा. भावजय आली तेव्हा तिलाही त्याने बाळाचं वय तीनदा विचारलं. ती घाबरून बाहेर जाऊन रडली, कारण मी तिला आधी काही सांगितलंच नव्हतं. म्हणून म्हणते, घरच्यांना आधी सांगून ठेवा.

डॉक्टर म्हणाले, सूज उतरेल तसं कमी होईल, वाट बघा. नुसती वाट बघणं मला जमत नाही. मी वहीत रेघा मारायला लागले, एकच प्रश्न दिवसात किती वेळा. पहिल्या दिवशी ३१. मग २६, २२, १७. एक दिवस पुन्हा २३, त्या दिवशी ताप होता. राउंडला डॉक्टर आले की वही पुढे करायची. 'विसरतो' म्हटल्यावर कुणी मान वर करत नाही, आकडा दाखवला की करतात. त्याच्या समोर मात्र रेघ मारू नका. आणि 'आत्ताच सांगितलं ना' असं म्हणू नका, पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर द्या. भिंतीवर एक कागद लावा: आज कोणती तारीख, तुम्ही कुठे, काय झालंय, आई कुठंय. आमच्या कागदाने निम्मे प्रश्न कमी केले.

घरी आल्यावर

टाके सात ते दहा दिवसांत निघतात. डोक्यावरून पाणी कधी घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून. जखमेतून पाण्यासारखं काही झिरपलं, उशी ओली दिसली, तर ते घाम समजू नका, मेंदूतलं पाणी असू शकतं. त्याच दिवशी दाखवा. ताप आणि मान ताठ, पुन्हा उलट्या, पुन्हा गुंगी, यासाठी फोन करत बसायचं नाही, निघायचं.

झटक्याच्या गोळ्या दिल्या असतील तर डॉक्टरांनी थांबवेपर्यंत चालू. सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात, उतरवत आणायच्या असतात. झटका आलाच तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा नाही, कांदा नाही, चप्पल तर नाहीच. पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखाना.

बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथल्याने डोक्यात दाब वाढतो. आमच्याकडे पपई आणि मनुका चालल्या. मनुकांना नाशिकमध्ये तोटा नाही. मोटारसायकल, शिडी, विहिरीचा कठडा, हे सगळं डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. भावाने दीड महिन्यात गाडीची चावी शोधायला सुरुवात केली. चावी माझ्या तिकीट मशीनच्या बॅगेत होती.

गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आणायचं लोक हमखास विसरतात. डिस्चार्जच्या दिवशी तो आलेला नसतो, आठवड्याने जाऊन घ्यायचा आणि फाइलला लावायचा. आमच्या नातेवाइकांनी 'मुलाला होईल का' म्हणून भंडावलं होतं. डॉक्टर म्हणाले, बहुतेक वेळा ही गाठ वंशाने येत नाही.

आईच्या प्रश्नाची शेवटची रेघ अठ्ठावन्नाव्या दिवशी मारली. त्यानंतर तो विसरत नाही असं नाही. नवीन गिऱ्हाईकाचं नाव दोनदा विचारतो, बागेत जाताना खिशात चिठ्ठी ठेवतो. कोणत्या बागेत कितीची पाइप टाकली होती ते मात्र पाच वर्षांपूर्वीचंही सांगतो. आईचा नवस फेडायला गडावर गेलो तेव्हा पायऱ्या चढायच्या म्हणत होता. ट्रॉलीने नेला.

पहिला एमआरआय तीन महिन्यांनी झाला, पोकळ्या उतरल्या होत्या. भिंतीचा छोटा तुकडा शिरेजवळ सोडलाय, म्हणून पुढचा वर्षाने, एप्रिलमध्ये. भाऊ म्हणतो, ऐन खरड छाटणीच्या वेळी कामं सोडून कोण जाईल, मे मध्ये बघू. मी रजेचा अर्ज भरून ठेवलाय, एप्रिलच्याच तारखेचा.